आधी उसवावे

धानाच्या मुलखात दिवाळी जरा लवकरच येते, अशी आमच्या झाडीपट्टीतली जुनी तक्रार आहे. यात पंचांगाचा काही दोष नाही. आश्विन संपतो तेव्हा हलका धान नुकता कापणीला आलेला असतो, भारी धान अजून बांध्यांतून उभाच असतो, आणि पैसा म्हणून जो काही घरात यायचा तो लोंबीतच अडकलेला असतो. दुकानदार मात्र पंचांग पाहून दुकान सजवतो. त्यामुळे माझ्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या आगेमागे, लाखांदूरच्या आसपासच्या खेड्यांतून दिवाळीचा नवा कपडा दोनच ठिकाणांहून येई. एक, लाखांदूरच्या किंवा नदीपलीकडच्या वडशाच्या दुकानातून, उधारीने. आणि दुसरे, आजीच्या पत्र्याच्या पेटीतून. आमच्या घरी बहुधा पेटीतूनच.

नुसती दिवाळी असती तर जुन्या कपड्यातही साजरी करता आली असती. अंगणातल्या दिव्याच्या उजेडात कोण पाहतो! पण दिवाळीच्या पाठोपाठ मंडई लागते. एकेका गावाचा दिवस ठरलेला. दुकाने, पाळणे, दिवसा दंडार, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. मंडईत विटक्या कपड्याने जाणे म्हणजे घरची नड गावभर मिरवणे. म्हणून कोजागिरी झाली की आजी पेटी उघडी, कात्रीला दगडावर धार लावी आणि आम्हा पोरांना रांगेने उभे करून दोरीने मापे घेई. इंचाची टेप आमच्या घरी नव्हती. दोरीला गाठी मारल्या की झाले. पहिली गाठ खांद्याची, दुसरी छातीची, तिसरी उंचीची. गाठ कुणाची हे तिला बरोबर आठवे.

पेटीत असायचे काय? आजोबांची धोतरे, बाबांचे कॉलर झिजलेले सदरे, मायची पातळे आणि आजीची स्वतःची लुगडी. या सर्वांत लुगड्याला मान मोठा. नऊवार लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. एवढे कापड गरिबाच्या घरात दुसऱ्या कुठल्याच रूपाने येत नाही. आणि ते सगळीकडून सारखे झिजत नाही, हे नेसणारीलाच ठाऊक. बसायच्या जागी आणि कासोट्याच्या ओढीने मधला भाग विरतो. पदराचा भाग त्या मानाने शाबूत राहतो. काठ तर शेवटपर्यंत दगा देत नाहीत. विरलेल्या लुगड्यावर पहिला इलाज 'दंड घालण्याचा'. मधला विरलेला भाग कापून काढायचा, दोन्ही बाजूंची धड टोके एकमेकांना जोडायची आणि शिवण निऱ्यांच्या आत दडेल अशा बेताने नेसायचे. दंड म्हणजे शिक्षा, असे आम्ही शाळेत शिकलो. पण बायकांच्या भाषेत दंड म्हणजे लुगड्याला मिळालेली मुदतवाढ. ही मुदत संपली की मग लुगड्याचे लुगडेपण संपे आणि त्याचे परकर, पोलकी, झबली, दुपटी, कुंच्या होऊ लागत. तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिले कापड जुन्या लुगड्याचेच लागावे असा रिवाज होता, त्याचे कारणही साधे आहे. कोऱ्या कापडात खळ असते, ती कोवळ्या कातडीला बोचते. शेकडो वेळा नदीवर आपटलेले लुगडे सायीसारखे मऊ झालेले असते.

शिवणकामातला एक शब्द मला फार आवडतो. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे, तेव्हा माया भरपूर सोडावी लागते. पुढच्या वर्षी टीप उसवली की तेवढे कापड सुटते. आजी कपडा पारखायची तो ही माया चाचपून. दुकानातल्या तयार कपड्याची शिवण ती उलटून पाही आणि खाली ठेवून देई. "याच्यात काहीच नाही ठेवलं," एवढेच तिचे म्हणणे.

मी चौथीत होते त्या वर्षीची गोष्ट. आजी गावातल्या एका मोठ्या घरी धान पाखडायला, निवडायला जात असे. दिवाळीच्या तोंडावर त्या घरच्या बाईंनी आपल्या मुलीचा एक फ्रॉक दिला. मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. फ्रॉक आमसुली रंगाचा, टेरिकॉटचा. काखेत विरलेला, घेर एका बाजूने विस्तवाने जळालेला, पण पुढच्या पट्टीवर फुलांच्या आकाराची सहा पांढरी बटणे. मी तो अंगात घालून आरशासमोर नाचायला लागले. थोडा ढगळ होता, पण जळका भाग मागे केला की दिसण्यासारखा नव्हता. मला तसाच चालला असता. आजीने तो माझ्या अंगातून काढून घेतला.

"आधी उसव," ती म्हणाली, "मंग शिव."

मी रडू लागले. "आजी, चांगला तर आहे! मले असाच पाहिजे."

"कापड दुसऱ्याचं चालते, टुरी. दुसऱ्याची शिवण आपल्या आंगावर नाही पाहिजे."

दोन दुपारी ती सुईच्या टोकाने टाके उचलीत बसली. एकेक दोरा ओढून काढला, कारण दोराही वाया घालवायचा नाही. फ्रॉकचे अकरा तुकडे झाले. ते धुतले, वाळवले, पितळी तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने दाबून सपाट केले. मग उन्हात धरून तिने कापड उलटसुलट पाहिले. वरची बाजू विटली होती. आतली अजून गडद होती. झाले, आतली बाजू वर आली. धड तुकड्यांतून माझ्या मापाची अंगाची बाजू आणि बाह्या निघाल्या. घेराला तिने आपल्या हिरव्या लुगड्याचा पदराकडचा भाग घेतला आणि लुगड्याचा काठ खाली झालरीसारखा फिरवला. सगळे हातशिलाईने. धावदोरा कुठे, उलटी टीप कुठे, तुरपाई कुठे, हे तिचे तिलाच ठाऊक. शेवटी तीच सहा बटणे टाकली. वसुबारसेच्या दिवशी कपडा तयार झाला तेव्हा तो कुणाच्या फ्रॉकचा आहे हे खुद्द मलाही ओळखता आले नसते.

आजीला अक्षरओळख नव्हती. तिचा हा नियम तिला कुणी सांगितला होता, की अनुभवाने आला होता, ते मी कधी विचारले नाही. पण पुढे मास्तरकी पत्करल्यावर एका सुट्टीत विनयपिटकाचे भाषांतर हाती आले, आणि त्यात मला आजी भेटली. आपल्या भंडारा जिल्ह्याला बौद्ध ग्रंथ काही परके नाहीत. शेजारच्या पवनीला १९६९-७० साली उत्खनन झाले तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप निघाला, आणि त्या काळी दान देणाऱ्यांची नावे दगडांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. वैनगंगेच्या या काठाने चीवर पांघरलेले भिक्षू चालत गेले असणार, एवढे तर धरून चालायला हरकत नाही.

त्या ग्रंथात भिक्षूंच्या वस्त्रांवर एक मोठे प्रकरणच आहे. सुरुवातीचे भिक्षू पांसुकूल नेसत, म्हणजे उकिरड्यावर, स्मशानात, रस्त्यात टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, जोडून केलेले वस्त्र. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले कापड घ्यायला परवानगी मिळाली. पण सबंध कापड तसेच पांघरायचे नाही. ते कापायचे आणि पुन्हा जोडायचे. ते कसे, याची कथा गोड आहे. भगवान बुद्ध दक्षिणगिरीकडे जात असता मगधातली शेते त्यांच्या दृष्टीस पडली. बांधांनी आखलेली, लांब-रुंद, चौकोनाला चौकोन भिडलेली. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्षूंचे चीवर असे करता येईल का? आनंदाने ते तसे करून दाखवले, आणि आजही बौद्ध भिक्षूचे चीवर त्या शेतांच्याच नमुन्याने शिवतात. मगधातली ती भाताची शेते कशी दिसत असतील हे सांगायला मला चित्र लागत नाही. चुलबंद नदीच्या काठी उभे राहून श्रावणात समोर पाहिले की तेच दिसते. बांध्या आणि धुरे, बांध्या आणि धुरे.

कापून जोडण्याचे एक कारण असेही सांगतात, की कापलेल्या वस्त्राचा चोराला मोह होत नाही. पण मला वाटते, दुसरेही एक कारण त्यात आहे. राजाने दिलेले वस्त्र सबंध पांघरले तर भिक्षू राजाच्या वस्त्रात फिरतो. ते कापले, जोडले, की ते भिक्षूचे झाले. हे माझे मत; पंडितांनी त्यावर रागावू नये.

त्याच विनयपिटकात आनंदाची आणखी एक गोष्ट आहे, ती तर प्रत्येक गृहिणीने ऐकावी अशी आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, हा श्रमण काय कापडाचे दुकान मांडणार आहे? तो स्वतः आनंदाकडे गेला आणि एकेक प्रश्न विचारू लागला. इतक्या वस्त्रांचे काय करणार? ज्या भिक्षूंची वस्त्रे जीर्ण झाली त्यांना वाटणार. मग त्यांच्या जीर्ण वस्त्रांचे काय? त्यांचे पलंगपोस करणार. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरच्या बैठकी. जुन्या बैठकींचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचे? ती तोडून, चिखलात कालवून त्याने जमीन लिंपणार. राजा खूष झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हे वाचताना मी हसत सुटले. आमच्या घरी लुगड्याची शेवटची पायरी पोतेरे हीच होती. शेणामातीच्या सारवणात बुडवून ते भुईवर फिरे आणि फिरता फिरता त्याचे धागे भुईलाच चिकटून राहत. अडीच हजार वर्षांत पायऱ्यासुद्धा बदललेल्या नाहीत.

पण जुन्या कपड्याचा इतिहास इतका निर्मळ नाही, आणि सणाच्या अंकात असले तरी ते सांगितले पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय ल्यावे, काय खावे याची यादी आहे. फुटक्या भांड्यात जेवण, लोखंडाचे दागिने, आणि वस्त्र म्हणून मेलेल्या माणसाच्या अंगावरचे कापड. म्हणजे जुने कापड हे इथे काटकसरीचे नाही, ओळख पटवण्याचे साधन आहे. पाहताक्षणी कळावे की हा कोण. असले नियम पोथीतच राहिले म्हणावे तर तेही नाही. अस्पृश्य बायांनी लुगडे गुडघ्याच्या वरच नेसावे अशी सक्ती महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांतून विसाव्या शतकापर्यंत चालत आली होती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने मनुस्मृती जाळली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत त्यांनी बायांसमोर जे भाषण केले ते तितके ठाऊक नसते. त्यात ते बोलले ते बरेचसे लुगड्याविषयी. स्वतःला अस्पृश्य समजू नका, लुगडे इतर बायांसारखे पायघोळ नेसा, कपड्याला ठिगळे असली तर असोत, पण तो स्वच्छ असू द्या, अशा आशयाचे ते बोलणे होते. तुम्ही काय नेसावे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही, हे त्यांनी बजावले. आणि परिषद संपून घरी जायच्या आतच कितीतरी बायांनी नेसण्याची तऱ्हा बदलली. लुगडे तेच होते, ठिगळेही तीच. मला या प्रसंगात ठिगळाचा उल्लेख सर्वांत मोलाचा वाटतो. नवीन कपडे घ्या, असे त्यांनी सांगितले असते तर ते कुणाला परवडणार होते? त्यांनी ठिगळाची लाज काढून घेतली, आणि ती ज्यांना वाटायला हवी होती त्यांच्याकडे पाठवून दिली.

याच्या सहा वर्षे आधी, १९२१ साली, जुन्या कपड्यावरून आणखी दोन थोर माणसांचा खटका उडाला होता. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला विलायती कापडाची प्रचंड होळी झाली. (पुण्यात १९०५ सालीच अशी होळी पेटलेली होती, हे पुणेकर वाचक मला लगेच पत्र लिहून कळवतील, म्हणून आधीच सांगून टाकते.) रवींद्रनाथ ठाकुरांना हे रुचले नाही. देशात लोक उघडे फिरत असताना कापड जाळायचे? ते त्यांना का देऊ नये? कुणाही सहृदय माणसाला सुचेल असाच हा प्रश्न होता. गांधीजींनी ऑक्टोबरमध्ये 'यंग इंडिया'त दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की ज्याला कामाची गरज आहे त्याच्या अंगावर उतरलेले कपडे टाकणे हा त्याचा अपमान आहे; त्यांचा आश्रयदाता होण्याचे पाप मी करणार नाही. होळी बरोबर की चूक, यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. उसवून शिवता येणारे कापड जाळलेले पाहून माझ्या आजीचा जीव कळवळला असता, हे नक्की. पण उतरलेल्या कपड्याविषयी गांधीजी जे म्हणाले ते तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

त्याच गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना एका यंत्राला माफी दिली. ते शिवणाचे यंत्र. सिंगर यांना ते यंत्र पत्नीला टाके घालताना होणारे कष्ट पाहून सुचले, अशी कथा त्यांनी सांगितली होती. कथा गोड आहे, पण सिंगर यांचे चरित्र काही इतके गोड नाही. शिवणाची यंत्रे त्यांच्या आधीही निघाली होती. १८५१ साली पेटंट घेऊन त्यांनी ते यंत्र सुधारले, आणि त्यांच्या कंपनीने ते हप्त्याने विकण्याची युक्ती जगभर रूढ केली. आपल्याकडे मग कलकत्त्याचे 'उषा' आले आणि घरोघर माहेरची देणगी म्हणून जाऊन बसले. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी १९०९ पासून बायकांना शिवण शिकवले, त्या शिवणावर कितीतरी विधवांचे संसार उभे राहिले. आमच्या आळीत एकच यंत्र होते, त्यावर दिवाळीच्या आधी पाळी लागे. आजी त्या वाटेला जात नसे. यंत्राची टीप उसवायला कठीण, हा तिचा आक्षेप. म्हणजे शिवतानाच पुढच्या उसवण्याची काळजी!

तिच्या या स्वभावाचे मूळ युद्धकाळात असावे. त्या वेळी ती आठ-दहा वर्षांची होती. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली तेव्हापासून गिरणीच्या स्वस्त कापडाने नागपूर, उमरेड, पवनी इथल्या कोष्ट्यांचे माग मागे सारले होते. आणि युद्ध आले तेव्हा गिरण्या फौजेच्या कापडाला जुंपल्या गेल्या. माग मोडला होता आणि गिरणी मोकळी नव्हती. जून १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. रेशनच्या दुकानाला आमच्याकडे अजूनही 'कंट्रोल' म्हणतात, तो शब्द त्या दिवसांचा. बंगालमध्ये तर अन्नाच्या दुष्काळामागून कापडाचाही दुष्काळ पडला आणि अंगभर वस्त्र नाही म्हणून बायका दाराबाहेर पडेनाशा झाल्या. आजी सांगायची, की तिच्या घरी मायलेकींत बाहेर जायचे एकच लुगडे उरले होते. एक बाजारात गेली की दुसरी घरात.

मौज अशी, की ज्या साहेबाच्या लढाईपायी हे चालले होते, त्याच्या घरीही तेच होते. विलायतेत १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन लागले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने, आणि त्यांतली २६ एका पुरुषी सुटालाच जात. १९४३ साली तिथल्या व्यापार खात्याने पुस्तिका काढून बायकांना शिकवले, की नवऱ्याच्या जुन्या सुटातून आपला पोशाख कसा बेतावा, विरलेल्या जागा कशा टाळाव्यात, ठिगळ शोभेचे कसे करावे. मार्च १९४९ पर्यंत ते रेशन चालले. दंड घालण्याची विद्या पुस्तकातून शिकावी लागणारी ती पहिलीच पिढी असेल.

आता माझ्या फ्रॉककडे येते.

मंडईच्या दिवशी तो घालून मी मायचा हात सोडून पाळण्यापाशी उभी होते. मोठ्या घरची ती मुलगी तिथे आली. तिने माझ्याकडे पाहिले; कापड तिने ओळखले नाही. घेराचा काठ पाहून "छान आहे" असेही ती म्हणाली. मग तिची नजर पुढच्या पट्टीवर गेली. तिने बोटाने एक बटण धरले आणि शेजारच्या मैत्रिणींना सांगितले, "ही माझ्या फराकाची बटणं." तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, हे मला आज कळते. हरवलेली वस्तू दिसावी तशी ती बोलली. पण चारचौघींनी वाकून माझी बटणे पाहिली. त्यानंतर मी पाळण्यात बसले की नाही हे मला आठवत नाही.

घरी येऊन मी आजीला सांगितले. ती काहीच बोलली नाही. रात्री सारे नाटकाला गेले तेव्हा ती दिव्यापाशी बसली, सहाही बटणे कापून काढली आणि लुगड्याच्या उरलेल्या चिंधीच्या घट्ट गाठी वळून सहा घुंड्या केल्या. समोर काजांच्या जागी नाकी लावली. सकाळी बटणे कागदाच्या पुडीत बांधून ती कामाला गेली. "बाई, बटणं राहून गेली होती," एवढे म्हणून तिने ती पुडी त्या घरी ठेवली, असे मायने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. माझ्यापाशी ती इतकेच म्हणाली, "बटणं उसवाची राहूनच गेली, टुरी. माझंच चुकलं."

घुंड्यांचा तो फ्रॉक मी दोन वर्षे घातला. दुसऱ्या वर्षी माया सोडली. मग धाकट्या बहिणीने घातला. त्यानंतर लुगड्याच्या भागाचे पोतेरे झाले, आणि टेरिकॉटचा भाग मात्र कशाच्याच उपयोगी पडला नाही. पाणी टिपेना, शेण धरीना. आजीने तो गोधडीत भरला तर रात्री गोधडी अंगावरून सरकू लागली.

ही गोष्ट तेवढ्यापुरती नाही. टेरिलिन हा धागा १९४१ साली मँचेस्टरच्या रसायनशास्त्रज्ञांनी शोधला, आणि पुढच्या तीसेक वर्षांत तो आपल्या खेड्यांपर्यंत आला. इस्त्री नको, विरणे नाही, वाळायला घटकाभर. बायकांनी त्याचे स्वागत केले यात नवल नाही. धोपटून धोपटून हात गेलेल्या बाईला सुती कपड्याचे गुण सांगणे शोभत नाही. पण जो कपडा विरतच नाही त्याला म्हातारपण नाही, आणि म्हणून त्याला आनंदाच्या त्या पायऱ्याही नाहीत. तो फॅशन गेली म्हणून पेटीत पडतो, आणि पेटीतून भांडेवालीच्या टोपलीत जातो. पुण्या-मुंबईकडे तिला बोहारीण म्हणतात. चार साड्या, दोन पँटी आणि अर्ध्या तासाची हुज्जत, यांच्या बदल्यात एक स्टीलचे पातेले! नऊवारही मागे पडले. सहावारीत एक फ्रॉक बेतला की उरते काय? आणि नागपूरची एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली.

श्रीमंत देशांतले जुने कपडे आता आपल्याकडे गठ्ठ्यांनी येतात. पानिपत म्हटले की मराठी माणसाला दुसरे काहीतरी आठवते. पण आजचे पानिपत जुन्या लोकरी कपड्यांचे आहे. तिथे परदेशातून आलेले कोट आणि स्वेटर रंगवार निवडतात, फाडतात, पिंजतात, त्याचे पुन्हा सूत काढतात आणि कांबळी विणतात. हे कपडे कुणी तसेच अंगात घालू नयेत म्हणून देशात येण्याआधी ते कापून निकामी केलेले असावेत, असा जकातीचा नियम आहे. कापण्याकापण्यात किती फरक! आनंदाने कापले ते ल्यायला यावे म्हणून, आणि हे कापतात ते ल्यायला येऊ नये म्हणून. दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने मात्र १९९९ पासून जुन्या कपड्यांचा एक वेगळा व्यवहार मांडला आहे. गावाने विहीर खणावी, पूल बांधावा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. भीक म्हणून नव्हे. त्यांच्या संस्थापकांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९२१ च्या त्या वादाचे एक उत्तर इथे सापडते, असे मला वाटते.

गेल्या मंडईला ती मुलगी मला भेटली. मुलगी कसली, तिचीच मुले कॉलेजात आहेत. नागपूरला असते, मंडईला माहेरी आली होती. माझ्या कादंबरीविषयी तिने आपुलकीने विचारले. बोलता बोलता मी तिला बटणांची आठवण करून दिली. तिला काही आठवेना. पाळणा आठवत होता, दंडारीतला सोंगाड्या आठवत होता. फ्रॉक नाही, बटणे नाहीत, माझी आजीही नीट नाही. ती मनापासून ओशाळली, आणि मग म्हणाली, "बाई, तुझ्या ओळखीत कोणी उसवून देणारं आहे का गं? माझ्या आईचा शालू आहे. पदर धड आहे, काठ धड आहे, मध्ये सारा विरला. नागपूरचे टेलर म्हणतात, नवाच घ्या, जुन्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. आई गेल्यापासून तो तसाच ठेवला आहे."

"पाठवून दे," मी म्हटले. "पण घाई करू नको. उसवायला दोन दुपारी लागतील."